मैनेच्या पायाखालची वीट

देविदासची वीटभट्टी विझून सहा वर्षं झाली होती, पण देविदासच्या अंगातली धग काही विझली नव्हती.

तीन पिढ्या पिंपळखुटीत त्यांच्या घराण्यानं विटा भाजल्या. आसपासच्या वीस गावांतली घरं त्यांच्या विटेवर उभी राहिली. मग हवेचा नवा कायदा आला आणि कोळशावर चालणारी प्रत्येक भट्टी बंद झाली. भट्टीच्या आधीच नदीकाठचं वीजकेंद्रही बंद पडलं होतं. सूर्यावरची वीज स्वस्त झाली, तशी कोळशाची वीज कुणाला नकोशी झाली. साहेबलोक गेले, वसाहत ओस पडली, तिथल्या सिनेमाघरात बकऱ्या बसू लागल्या. राहिला तो राखेचा डोंगर. चाळीस वर्षांचा कोळसा जळून झालेली ती राख. वीज शहरांनी वापरली आणि उष्टं ताट पिंपळखुटीच्या अंगणात ठेवून शहरं निघून गेली.

उन्हाळ्यात वारा सुटला की राख उडायची. भाकरीत राख, पाण्यात राख, झोपलेल्या लेकराच्या पापणीवर राख. गावातली अर्धी माणसं खोकत असायची. देविदास त्यातच.

त्याची बायको चंद्रकला गप्प बसणारी नव्हती. ती गावातल्या बाया जमवून नागपूरला गेली आणि येताना सुमेधा गजभिये नावाच्या मुलीला घेऊन आली. सुमेधा सूक्ष्मजीवांची डॉक्टर होती. वीजकेंद्राच्या रिकाम्या गोदामात बायांना गोल बसवून तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "दूध कसं विरजता तुम्ही?"

शकुनाबाई गावातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तोंडाळ बाई. ती म्हणाली, "बाई, एवढी शिकली आन् तुले दही लावता येत नाही?"

"येतं," सुमेधा हसली. "पण दुधाऐवजी राख विरजायची आहे."

मग तिनं समजावून सांगितलं. मातीत एक जिवाणू असतो. युरिया हे त्याचं अन्न. गुरांच्या मुतात युरिया भरपूर असतो. जिवाणू तो युरिया फोडतो, तेव्हा दोन गोष्टी होतात. एक, नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास सुटतो. गोठ्यात शिरल्यावर येतो ना, तोच. आणि दुसरी, आसपास चुना असेल तर त्याची चुनखडी बनू लागते. राखेच्या कणाकणाभोवती ती धरते आणि कणाला कण चिकटतो. समुद्रातला शिंपला असाच आपलं घर बांधतो. साच्यात राख घालायची, कागदाच्या कारखान्यानं फेकलेला चुन्याचा गाळ घालायचा, वरून हे विरजण आणि गोमूत्र सोडायचं. चार-आठ दिवसांत वीट तयार. जाळ नाही, कोळसा नाही, धूर नाही.

ऐकायला सोपं होतं, पण नागपूरहून आणलेले जिवाणू पिंपळखुटीच्या राखेत टिकेनात. या राखेत नाही नाही ते विषारी क्षार होते. वर उन्हाळा असा, की कावळ्यानं चोच वासावी. बायांनी मग चिमूट चिमूट राख वाढवत विरजण लावायला सुरुवात केली. जे जिवाणू जगले, त्यांचंच पुढचं विरजण. पुन्हा थोडी जास्त राख, पुन्हा जे जगले त्यांचं. असे तीन उन्हाळे गेले. शेवटी राहिले ते जिवाणू नागपूरचे राहिलेच नव्हते, ते पिंपळखुटीचे झाले होते.

देविदास हे सगळं लांबून पाहत होता आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात हसत होता. भट्टीच्या जागेवर त्यानं आता गोठा घातला होता. गोठ्यात एकच म्हैस, मैना. बाया घरोघर डबे घेऊन गोमूत्र जमवत, तेव्हा तो गोठ्याच्या दारात आडवा उभा राहायचा.

"माही मैना तुमच्या विटेसाठी मुतणार नाही!"

"तिले विचारलं का तुमी?" शकुनाबाई म्हणायची.

"तिचंही हेच म्हणणं हाय."

एकदा तर भर चावडीवर तो बोलून गेला होता, "एक दिवस घुसतो त्या गोदामात आन् मारूनच टाकतो तिचे सारे जंतू." लोक हसले होते. चंद्रकला हसली नव्हती.

तिसऱ्या वर्षी खांद्याच्या उंचीवरून टाकली तरी न फुटलेली पहिली वीट निघाली. चंद्रकलानं ती कोऱ्या खणात गुंडाळून घरी आणली आणि नवऱ्याच्या हातावर ठेवली. "पयली हाय. तुमच्यासाठी."

देविदासनं ती बोटानं वाजवून पाहिली. भट्टीची पक्की वीट खणखणते. ही थपथपली.

"वीट हाय का खरवस?" तो म्हणाला.

चंद्रकला मोकळा खण घडी करून आत गेली. देविदासनं ती वीट गोठ्यात नेली. मैनेच्या मागच्या पायांखाली जमीन खचून खड्डा झाला होता, त्यात ती बसवून टाकली. पुढे कधी चंद्रकलानं विचारलं, "अवो, माही वीट कुठं ठेवली?" तर तो मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचा, "मानाच्या जागी." गोठ्याकडे चंद्रकला कधी फिरकत नसे. तो त्याचा मुलूख होता.

त्यानंतर मात्र काम धरलं. गोदामावर उन्हावर चालणारा वाफेचा मोठा पेटारा बसला. तयार विटा त्यात वाफवल्या की वासही जायचा आणि आतले जिवाणूही मरायचे. मग ती वीट कोणीही घरात न्यावी. गावात दोन घरं झाली, मग अंगणवाडीचं काम निघालं. आणि यंदाच्या उन्हाळ्यात एक गोष्ट झाली. देविदास पहाटे बाजेवर उठून बसला, सवयीनं तोंडावरची राख पुसायला हात फिरवला, तर हाताला काही लागलं नाही. डोंगराचा गावाकडचा एक लचका विटांत गेला होता. उरलेल्यावर बायांनी विरजण शिंपडून कवच धरवलं होतं. वारा तसाच होता, राख उडत नव्हती.

खोकलाही कमी झाला होता. त्या दुपारी कोणी नाही असं पाहून तो अंगणवाडीच्या अर्धवट भिंतीपाशी गेला आणि तिच्यावर तळहात टेकवला. भिंत माठासारखी थंड होती. सांधे पाहिले, कोपरा पाहिला, एका डोळ्यानं ओळंबा पाहिला. विटेच्या माणसाला भिंत काय ते सांगतेच. पण तोंडानं कबूल करणं म्हणजे आपल्या हातानं भट्टी दुसऱ्यांदा विझवणं. ते काही त्याला जमेना. जे तोंडानं जमत नाही ते हातानं करावं, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि खंडेनवमीची वाट पाहू लागला.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. जो ज्यावर पोट भरतो, त्यानं ते धुऊन पुसून पुजायचं. सुताराची किकरं, शेतकऱ्याचा नांगर, ड्रायव्हरची गाडी. गोदामातल्या बायांनी आदल्या दिवशी सगळे पिंप, सगळे साचे, नळ्या, गाळण्या उकळत्या पाण्यानं घासून लख्ख केल्या. मूळ विरजण तेवढं रंगाच्या एका रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात काढून, झाकण लावून कोपऱ्यात ठेवलं. पूजा झाली की त्यातूनच पुन्हा सगळे पिंप लावायचे. मग बाया आपापल्या घरी पुरण शिजवायला गेल्या.

तिन्हीसांजेच्या आधी देविदास गोदामात आला. चार वर्षांत पहिल्यांदा. बगलेत त्याच्या आईचा तांब्याचा गुंड होता. गावात कुणाच्याही घरी लग्न निघालं की पाणी याच घागरीतून जायचं. चिंच लावून त्यानं तो असा घासला होता, की आत तोंड दिसावं.

कोपऱ्यातला रंगाचा डबा त्यानं पाहिला. त्यावर अजूनही रंगाच्या जाहिरातीतल्या नटीचं चित्र होतं. ज्याच्या जिवावर गाव तगलं त्याची पूजा अशी व्हावी? छे! त्यानं सगळं विरजण अलगद गुंडात ओतलं. वर आंब्याचा डहाळा, त्यावर नारळ. रिकामा डबाही तसाच सोडला नाही. काम करायचं तर नीट करायचं, म्हणून तो राखेनं खसाखसा घासला, धुतला आणि उन्हं होती तिथं पालथा घातला.

सकाळी बाया आल्या आणि दारातच थबकल्या. मधोमध पाटावर गुंड झळकत होता. बाजूला पांढराधोप सदरा घालून देविदास उभा होता, नव्या जावयासारखा अवघडून.

"कोणं केलं हे?" चंद्रकलानं विचारलं. तिला ते दिसतच होतं. तिचा चेहरा असा उजळला, की देविदासला वाटलं, एवढ्यासाठी आपण चार वर्षं कायले घालवली?

आरती झाली. शकुनाबाईनं नारळ उचलला, आत डोकावली आणि ओरडली, "अवं माय वं! देवी निळी झाली!"

गुंडातलं पाणी निळंशार झालं होतं. मोराच्या गळ्यासारखं. बायांनी भराभरा हात जोडले. कोणी पदर पसरला. देविदासची छाती वीतभर फुगली.

चंद्रकला तेवढी पुढे आली नाही. तिनं फोन काढून सुमेधाला लावला आणि फोनचा डोळा गुंडाकडे धरला.

"कशात आहे ते?" पलीकडून आवाज आला.

"तांब्याच्या गुंडात. कालपासून."

सुमेधानं फोन डोळ्यांजवळ नेला. मग हळू म्हणाली, "मावशी, तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं, असं का म्हणतात ठाऊक आहे? रात्रभरात त्यातले जंतू मरतात. आपल्या विरजणात अमोनिया, त्यानं तर तांबं आणखी विरघळतं. तो निळा रंग त्याचाच."

"मंग आपले?"

"आपलेही जंतूच ना, मावशी."

चंद्रकलानं कोपऱ्याकडे पाहिलं. डबा घासून पालथा होता. ती सावकाश नवऱ्याकडे वळली.

"मारूनच टाकतो म्हणत होते. टाकले."

"चंद्रकला, मी तं..."

"डबाही घासून ठेवला. थेंब सोडला नाही."

तिचा आवाज चढला असता तर देविदासला बरं वाटलं असतं. तो चढला नाही. तिनं गुंडावरची पानं काढून बाजूला ठेवली आणि ती बाहेर निघून गेली. पुरणपोळ्या त्या दिवशी कुणाच्या घशाखाली उतरल्या नाहीत.

घरात अबोला सुरू झाला. चंद्रकला दोन्ही वेळा ताट वाढायची, पण 'जेवा' म्हणायची नाही. चार वर्षं देविदासनं तिला टोमणे मारले होते, तेव्हा ती उलट बोलत तरी होती. आता तो बाजेवर बसून शब्द जुळवायचा, मी मान द्यायला गेलो होतो वं, आणि मनातल्या मनातसुद्धा ते खोटं वाटायचं. चावडीवर आपणच बोललो होतो. त्याच तोंडातून निघालेलं हे दुसरं बोलणं कोण खरं धरणार? स्वतःच्या बायकोनं आपल्याला वैरी समजावं आणि ते चूक असून सिद्ध करता येऊ नये, हे भट्टी विझण्याहून वाईट होतं.

दसऱ्यानंतर सुमेधा आली. नागपूरच्या फ्रीजरमधला जुना नमुना तिनं आणला होता. तो राखेत सोडला, आणि दोन दिवसांत मेला.

"हा पहिल्या वर्षीचा आहे," ती म्हणाली. "आपला आत्ताचा नमुना मी न्यायला हवा होता. दर खेपेला 'पुढच्या वेळी' म्हणत राहिले. यात माझीही चूक आहे, मावशी."

"पुन्ना करू," चंद्रकला म्हणाली.

"करू. पण पुन्हा तीन उन्हाळे."

तीन उन्हाळे. अंगणवाडीची भिंत कमरेएवढी झाली होती. डोंगरावरच्या कवचाला दरवर्षी नवं विरजण लागायचं. ते मिळालं नाही तर राख पुन्हा उडणार होती. सगळ्यांना ते दिसत होतं. दाराशी उभ्या देविदासलाही. त्याला आत बोलवलं नव्हतं, पण घालवूनही दिलं नव्हतं.

"इटेत नसतात का ते?" शकुनाबाईनं विचारलं.

"असतात ना. अडचण आली की ते कवच करून निजून राहतात. पण आपण सगळ्या विटा वाफवल्या. डोंगरावरचं कवचही मी लावून पाहिलं, उन्हानं ते पार भाजून निघालंय." मग सुमेधा एकदम थांबली. "पेटारा यायच्या आधीची एखादी आहे का? पहिली वीट? नुसती कोरडी पडून असेल तर सांगता येत नाही, पण तिला ओल मिळत राहिली असेल, युरिया मिळत राहिला असेल..."

चंद्रकला उठली. कितीतरी दिवसांनी ती नवऱ्याशी बोलली.

"मानाच्या जागी ठेवली म्हणत होते. कुठं हाय?"

सगळ्या बाया देविदासकडे पाहू लागल्या. हरवली म्हटलं की भागत होतं. तिच्या मनातून तो एकदा उतरला होताच, पण निदान आणखी उतरला नसता. खरं सांगितलं तर तिनं खणात गुंडाळून आणलेल्या विटेचं आपण काय केलं, ते गावासमोर उघडं पडणार होतं. त्यानं भिंतीकडे पाहिलं. गोदामाच्या खिडकीतून ती कमरेएवढी अंगणवाडी दिसत होती.

"चाला," तो म्हणाला. "दाखवतो."

पुढे देविदास, मागे चंद्रकला, तिच्या मागे सुमेधा आणि साऱ्या बाया, अशी वरात गोठ्यावर गेली. मैना रवंथ करत उभी होती. देविदासनं तिच्या मागच्या पायांकडे बोट दाखवलं आणि मान खाली घातली.

"तिथं हाय."

चंद्रकला त्या शेणामुताकडे पाहतच राहिली.

"इटेवर देव उभा राह्यते म्हणे," शकुनाबाई हळूच म्हणाली. "इथं तं म्हैस हाय."

सुमेधा मात्र कपड्यांची पर्वा न करता गुडघ्यांवर बसली. मैनेला बाजूला सरकवून तिनं हातानंच शेण बाजूला केलं, पाणी मारलं आणि खुरपं घातलं. खुरप्याचा आवाज आला, खण्ण! वीट खड्ड्यातून निघेना. तिच्या सगळ्या बाजूंनी वीतभर जमीन दगडासारखी घट्ट झाली होती, वर पांढुरकी खपली धरली होती.

"ही वाढलीय!" सुमेधा ओरडली. "काका, ही नुसती जगली नाही, वाढलीय! युरिया मिळाला, ओल मिळाली... पण चुना? चुना कुठून आला?"

"गोचीड होते म्हणून चुना टाकतो मी जमिनीवर," देविदास पुटपुटला. "दर आठवड्याले."

चंद्रकलानं एकदा विटेकडे पाहिलं, एकदा मैनेकडे, एकदा नवऱ्याकडे.

"माही मैना तुमच्या विटेसाठी मुतणार नाही, म्हणत होते ना तुमी?"

आणि पदर तोंडाला लावून ती जी हसत सुटली, ती थांबेचना. मग शकुनाबाई हसली, मग सगळ्याच. देविदासला हसावं की जमिनीत गडप व्हावं ते कळेना. मैनेनं कान हलवले.

खपली खरवडून सुमेधानं ती राखेत आणि गोमूत्रात मिसळली. हे गोमूत्र मैनेचंच, देविदासनं स्वतः डबा धरून आणलेलं. पुढचे दिवस गोदामात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, घरात बाळंतीण असावी तसं. मग एका सकाळी देविदास दाराशी आला, नाक वर केलं आणि आतल्यांना म्हणाला, "वास येऊन राह्यला." नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा, गोठ्याचा वास. सुमेधानं हातातल्या छोट्या यंत्रावर थेंब टाकून जिवाणूंचं कूळ तपासलं. तेच होते, पिंपळखुटीचे. यंदा पहिल्यांदा तिनं नमुन्याच्या चार बाटल्या भरल्या आणि चार ठिकाणी पाठवल्या.

त्या संध्याकाळी चंद्रकलानं ताट वाढलं. मग तिथंच बसली.

"एक इचारू? गुंडात काहून ओतलं तुमी?"

देविदास घासाशी खेळत राहिला. जुळवलेले सगळे शब्द ऐन वेळी पळून गेले.

"रंगाच्या डब्यात बरं दिसत नव्हतं," तो म्हणाला.

चंद्रकलानं फळीवर ठेवलेल्या गुंडाकडे पाहिलं. तिला त्या दिवसाची चकाकी आठवली. ज्याला मारायचं असतं तो चिंच लावून आईचा गुंड घासत बसत नाही. हे आपल्याला तेव्हाच का सुचलं नाही, याचं तिला नवल वाटलं.

"जेवा," ती म्हणाली. "निवते."

संक्रांतीच्या आधी अंगणवाडीवर छत चढलं. कोपऱ्यांचे ओळंबे आता देविदास पाहायचा आणि बाया त्याचं ऐकायच्या, अधूनमधून. उद्घाटनाच्या सकाळी तो लवकर उठून गोठ्यात गेला. पहिली वीट त्यानं पहारीनं सुटी केली, सात पाण्यांनी धुतली, हळद-कुंकू लावलं आणि कोऱ्या खणात गुंडाळून अंगणवाडीच्या दाराशी आणली. दाराच्या वर एक कोनाडा त्यानं तिच्यासाठी राखून ठेवला होता.

चंद्रकला दारात तोरण बांधत होती. तिनं खण उलगडून पाहिला.

"हे काय?"

"मानाच्या जागी ठेवतो म्हणलं."

"नोको बाप्पा!" तिनं वीट त्याच्या हातात परत दिली. "तुमच्या मानानं मरते ती. जा, होती तिथंच ठेवून या."

देविदासनं आत जमलेल्या पोरांकडे पाहिलं, कोनाड्याकडे पाहिलं आणि मागं फिरला. गोठ्यात जाऊन त्यानं वीट पुन्हा त्याच खड्ड्यात बसवली, हातानं दाबून सारखी केली, वर मूठभर चुना टाकला.

"ये वं, सरक," तो म्हणाला.

मैनेनं मागचे दोन्ही पाय विटेवर ठेवले, एकदा मागं वळून पाहिलं, शेपटी उचलली आणि आपलं काम केलं.